दुप्पट वेगाचा वायू

शनिवारी सकाळी माझ्या स्क्रीनवर एक छोटी दीर्घिका होती, आणि ती अशी एकसंध असायला नको होती.

दीर्घिका म्हणजे गॅलॅक्सी. तारे, वायू, धूळ यांचा प्रचंड मोठा समूह. ही खरी नव्हती, कॉम्प्युटरमध्ये घडवलेली होती. तिच्यातला वायू चपट्या तबकडीसारखा गोल फिरत होता. चित्र सुबक होतं. पण खालच्या कोष्टकात त्या वायूचा वेग दिला होता, तो वाचून मी चहाचा कप बाजूला ठेवला. एवढ्या वस्तुमानाची दीर्घिका एवढ्या वेगाच्या वायूला धरून ठेवू शकत नाही. गोफण सुटावी तसा तो वायू कधीच बाहेर भिरकावला जायला हवा होता.

मी कागदावर हिशोब केला. दीर्घिकेचं वस्तुमान आणि तबकडीची त्रिज्या माहीत असली की वायूचा वेग किती असायला हवा ते काढता येतं. बारावीचं फिजिक्स पुरतं. उत्तर आलं, आणि कोष्टकातला वेग त्याच्या दुप्पट होता. थोडाफार जास्त असता तर मी सोडून दिलं असतं. बरोबर दुप्पट म्हटल्यावर मात्र मी हिशोब पुन्हा एकदा केला. निसर्ग असा नेमका दुपटीने चुकत नाही. माणसं चुकतात.

मी तळेगावात राहते. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत सिम्युलेशनचा डेटा सांभाळणं हे माझं काम. शास्त्रज्ञ विश्वाचा एक तुकडा कॉम्प्युटरमध्ये घडवतात, मी त्यातून निघणाऱ्या फाइल्स क्लस्टरवर, म्हणजे संस्थेतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर, नीट ठेवते, त्या वाचायचे छोटे प्रोग्राम, म्हणजे स्क्रिप्ट, तपासते, आणि कुठलंही चित्र बाहेर जाण्याआधी त्यावर एक नजर टाकते. शेवटचं काम कुणी मला अधिकृतपणे दिलेलं नाही. सवयीने माझ्याकडे आलं.

हे चित्र, आमच्या भाषेत प्लॉट, शुभांगीचं होतं. शुभांगी आमच्याकडे पीएचडी करत होती. आंदर मावळातल्या शेतकरी घरातली मुलगी, कामाला वाघ, बोलायला कमी. तिच्या सिम्युलेशनमध्ये असं दिसत होतं की विश्व लहान असताना छोट्या दीर्घिकांमधला बराचसा वायू स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांमुळे कायमचा बाहेर फेकला जातो. वायू गेला की नवे तारे बनणं बंद. म्हणजे ती दीर्घिका तिथेच संपली. एवढ्या मोठ्या प्रमाणावर असं होतं हे आधी कुणी दाखवलेलं नव्हतं. तिच्या थिसिसचं मुख्य प्रकरण हेच होतं. आणि हे चित्र व त्याच्या शेजारचा, बाहेर जाणाऱ्या वायूचा आलेख यांच्या जोरावर आमचे सर परदेशातल्या एका मोठ्या दुर्बिणीवर निरीक्षणासाठी वेळ मागणार होते. बाहेर फेकलेला वायू खरंच तिथे आहे का, हे बघायला.

प्रपोजल भरायची मुदत त्याच दिवशी होती. संध्याकाळी साडेपाचला पोर्टल बंद होणार होतं. सर लोणावळ्यात एका गेस्ट हाउसवर होते, दोन परदेशी सहकाऱ्यांबरोबर. शेवटचा हात तिथेच फिरवायचा, असं ठरलं होतं.

मी सरांना फोन लावला.

"सर, शुभांगीच्या प्लॉटमधले वेग मला पटत नाहीयेत."

"कुठले?"

"तबकडीतल्या वायूचे. दुप्पट आहेत."

ते म्हणाले, "वस्तुमानात डार्क मॅटर धरलंत का?"

डार्क मॅटर म्हणजे जे दिसत नाही पण ज्याचं गुरुत्वाकर्षण जाणवतं ते. छोट्या दीर्घिकांमध्ये तर तेच जास्त असतं.

"कोष्टकात ते धरलंय की नाही लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

"मग नसेल धरलं. चौपट वस्तुमान घेऊन बघा, तुमचा वेग बरोबर येईल."

सरांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. वस्तुमान चौपट केलं की वेग दुप्पट चालतो. पण दुसरीही एक शक्यता होती.

"आणि वेगाचं युनिट कन्व्हर्जन? ते झालंय का?"

"ते स्क्रिप्टमध्ये आहे. आपण किती वर्षं तीच स्क्रिप्ट वापरतोय."

"मला एकदा मूळ फाइल्स बघायच्या आहेत."

"क्लस्टर बंद आहे ना आज? इलेक्ट्रिकलचं काम चालू आहे." सरांचा आवाज जरा चढला. "हे बघा, दोघं एवढ्या लांबून आलेत. मला चारपर्यंत काही ठोस सांगितलंत तर बघू. नाहीतर मी सबमिट करतोय."

इथे थोडं थांबून युनिटबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

कॉम्प्युटरला फार मोठे आकडे मानवत नाहीत. दीर्घिकेचं वस्तुमान किलोग्रॅममध्ये आणि अंतर मीटरमध्ये लिहायला गेलो तर शून्यांची रांग संपत नाही, आणि हिशोबात चुका शिरतात. म्हणून प्रोग्राम लिहिणारे आपली मापं स्वतः ठरवतात. त्यांचं वस्तुमानाचं 'एक' म्हणजे साधारण हजार कोटी सूर्य. अंतराचं 'एक' म्हणजे जे कापायला प्रकाशाला तीन हजारांहून जास्त वर्षं लागतात ते. फाइलमध्ये नुसतं १ किंवा ७ किंवा २.५ असतं. ते कशाचे, हे आपल्याला माहीत असावं लागतं. गावात कुणी "आठ झालं" म्हणालं तर आठ पायली की आठ पोती, हे खळ्यावर उभ्या असलेल्या माणसाला कळतं. फोनवर ऐकणाऱ्याला कळत नाही.

त्यात आणखी एक भानगड आहे. विश्व प्रसरण पावतं. शुभांगी ज्या काळातल्या दीर्घिका बघत होती, तेव्हा विश्व आजच्या पाव आकाराचं होतं. हिशोब सोपा जावा म्हणून अशा प्रोग्राममध्ये वेग सरळ लिहीत नाहीत. विश्वाच्या त्या वेळच्या आकाराचं वर्गमूळ घेतात आणि खऱ्या वेगाला त्याने भागून फाइलमध्ये ठेवतात. पावचं वर्गमूळ अर्धा. म्हणजे फाइलमधला वेग वाचताना अर्ध्याने गुणायला हवा. विसरलात, तर वेग दिसतो बरोबर दुप्पट.

पण सगळे प्रोग्राम असं करत नाहीत. काही खराच वेग लिहितात. आमचा प्रोग्राम एका जुन्या पोस्टडॉकने, म्हणजे पीएचडीनंतर काही वर्षं आमच्याकडे असलेल्या संशोधकाने, बदलून घेतलेला होता. त्याने तो कसा ठेवला होता, हे मला ठाऊक नव्हतं. तो आता कुठल्याशा कंपनीत गेला होता आणि मेलला उत्तर देत नव्हता.

शुभांगीचा फोन लागत नव्हता. लागणारही नव्हता, कारण ती गावी होती. आदल्या आठवड्यात तिनेच मला व्हॉट्सॲपवर निमंत्रण पाठवलं होतं. दुपारी गावात तिचा सत्कार होता. ग्रामपंचायत आणि शाळा मिळून करणार होते. 'विश्वाचं कोडं उलगडणारी आमच्या गावची लेक' असं त्यावर तिच्या फोटोखाली छापलं होतं. मी प्रपोजलचं कारण सांगून जमणार नाही म्हटलं होतं.

तिच्याकडे फाइल्सची एक प्रत हार्ड डिस्कवर असायची. ती कुठेही जाताना बरोबर न्यायची. मी गाडी काढली.

कान्हे फाट्याला फाटक बंद मिळालं. ते उघडेपर्यंत मी स्टिअरिंग धरून बसले आणि गाडीत बसल्या बसल्या मनातल्या मनात तोच हिशोब करत राहिले. टाकव्याच्या पुढे रस्ता अरुंद होत जातो. दोन्ही बाजूंना भात कापून झालं होतं, खळ्यांवर झोडणी चालली होती, रस्त्यावर पेंढा पसरला होता. मी जात होते ते काय सांगायला? मुलीच्या अंगावर नवीन साडी असेल, आणि मी तिला म्हणणार, तुझं प्रकरण कदाचित चुकलंय. एकदा वाटलं, सर म्हणतात तेच खरं निघावं. डार्क मॅटर धरलेलं नसावं. मी हसून परत यावं.

गावात शिरतानाच फ्लेक्स दिसला. शुभांगीमागे आकाशगंगेचं चित्र, खाली सरपंचांपासून तरुण मंडळापर्यंत सगळ्यांचे फोटो.

घरासमोर मांडव घातला होता. तिचे वडील नवा सदरा आणि टोपी घालून खुर्च्या मांडत होते. मला ते संस्थेत एकदा भेटले होते.

"या मॅडम, लय बरं झालं आलात," ते म्हणाले. "शुभे, बग कोण आलंय. बसा, पावनं अजून याचं हायेत."

शुभांगी बाहेर आली. खरंच नवी साडी होती. आधी हसली. मग माझा चेहरा पाहून तिचं हसू ओसरलं.

"मॅडम, काय झालं?"

"तुझी डिस्क इथे आहे?"

"आहे."

"जरा आत बसू या."

मागच्या खोलीत नव्या भाताची पोती एकावर एक रचली होती. त्यांच्यासमोर स्टूल ठेवून तिने लॅपटॉप उघडला. मी तिला कोष्टक दाखवलं, माझा कागद दाखवला.

"मला एवढंच सांग, या वस्तुमानात डार्क मॅटर आहे का?"

"आहे, मॅडम. सगळं मिळून आहे. फक्त लिहायचं राहिलं."

म्हणजे सरांची वाट तिथेच बंद झाली. ती कागदाकडे बघत राहिली. तिला सांगावं लागलं नाही.

"म्हणजे वेग," ती म्हणाली.

"स्क्रिप्टमध्ये बघू."

तिने स्क्रिप्ट उघडली. वेग वाचणारी ओळ शोधली. फाइलमधून आकडा घ्यायचा आणि तसाच द्यायचा. कशानेही गुणलेलं नव्हतं.

"मी सरांना विचारलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "पहिल्या वर्षी. सर म्हणाले, ते स्क्रिप्टमध्ये आहे."

"अजून काही सिद्ध झालेलं नाही," मी म्हणाले. "फाइलमध्येच खरा वेग असेल तर स्क्रिप्ट बरोबर आहे. ते कसं ठरवायचं, हे बघू आधी."

खरं सांगायचं तर मला सुचत नव्हतं. मी प्रोग्रामच्या मूळ कोडचा विचार करत होते, आणि तो बंद क्लस्टरवर होता. शुभांगी पदर कमरेला खोचून पुढे सरकली.

"मॅडम, फाइलला विचारायलाच नको. दोन स्नॅपशॉट घेऊ. लागोपाठचे."

स्नॅपशॉट म्हणजे सिम्युलेशन चालू असताना ठरावीक वेळाने साठवलेली स्थिती. वायूचा कुठला कण कुठे आहे, याची नोंद. प्रत्येक कणाला नंबर असतो. एक्सप्रेसवेवर आता दोन ठिकाणी कॅमेरे असतात, तुमची गाडी पहिल्याखालून कधी गेली आणि दुसऱ्याखालून कधी गेली यावरून सरासरी वेग काढतात आणि चलान घरी पाठवतात. तुमच्या गाडीचा काटा काय दाखवत होता, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. शुभांगी तेच म्हणत होती. कण इथून तिथे गेला. मध्ये एवढा वेळ गेला. भागाकार कर, खरा वेग मिळाला. मग फाइलमधला आकडा शेजारी ठेव.

"दीर्घिकेतले कण नको घेऊस," मी म्हणाले. "ते गोल फिरतात. अंतर कमी दिसेल."

"नाही, लांबचे घेते. मोकळ्यातले. सरळ जाणारे."

ती टाइप करायला लागली. तेवढ्यात वीज गेली आणि पंखा थांबला. लॅपटॉपची बॅटरी होती. बाहेर हलगीवाले आले होते, तपासायला म्हणून दोनचार ठोके वाजवून थांबत होते. तिचे वडील दारात आले.

"शुभे, सरपंच आल्यात. चल की."

"आबा, थोडं थांबा."

"थांबा कुटं? समदी बसल्यात."

"आबा, थोडंच."

ते माझ्याकडे बघून गेले. मी मान खाली घातली.

प्रोग्राम चालला. स्क्रीनवर तीन स्तंभ उतरले. पहिला कणाचा नंबर, दुसरा फाइलमधला वेग, तिसरा आम्ही मोजलेला. शुभांगीने चौथा स्तंभ मागवला, दुसऱ्याला तिसऱ्याने भागून. दोन. एक पॉइंट नऊ नऊ. दोन. दोन. ती खालपर्यंत सरकवत गेली. तळाशी पोचल्यावर परत वर आली.

मग तिने लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटलं, आणि पुन्हा उघडलं.

वेग निम्मा. म्हणजे वायूची ऊर्जा पाव. पाव ऊर्जेवर वायू दीर्घिकेतून सुटत नाही. वर जातो, थोडा वेळ रेंगाळतो, आणि परत खाली पडतो. परत पडतो हे बऱ्याच जणांनी आधी दाखवलं होतं. त्यात नवीन काही नव्हतं.

"पण ही स्क्रिप्ट एवढी वर्षं..." ती म्हणाली.

ती एवढी वर्षं कशी चालली, ते मला त्याच क्षणी कळलं होतं. तो पोस्टडॉक आजच्या विश्वावर काम करायचा. आजच्या विश्वाचा आकार हिशोबात एक धरतात. एकचं वर्गमूळ एक. एकने गुणलं काय आणि नाही गुणलं काय, उत्तर तेच. त्याचं कधीच चुकलं नव्हतं. आमच्या ग्रुपमध्ये एवढं मागे जाणारी शुभांगी पहिली होती.

"सरांना कळवायला हवं," ती म्हणाली. "रेंज शाळेमागच्या टेकाडावर येते."

आम्ही मागच्या दाराने निघालो, पण वडिलांनी बघितलंच. ते गोठ्यापाशी आम्हाला आडवे आले.

"काय झालंय, मॅडम? खरं सांगा."

मी काही बोलायच्या आत शुभांगीच बोलली. घरी ती घरच्यासारखीच बोलायची.

"आबा, म्या जे काडलं व्हतं ना, ते चुकलंय."

"चुकलं म्हंजी? खोटं निगालं व्हय?"

"खोटं न्हाई. माप चुकलं. पर त्याच्यामुळं आता काय शोध बिध ऱ्हायला न्हाई."

ते आवाज दाबून म्हणाले, "हे बग, आज न्हाई बोलायचं काय. तुजं मामा खेडवरनं आल्यात. आख्खं गाव बसलंय. उंद्या सांग कुनाला सांगायचं ते. आज गप सत्कार घ्यायचा."

आम्ही टेकाडावर गेलो.

वर रेंजच्या दोन काड्या होत्या. मी फोन स्पीकरवर टाकला. सर उचलताच म्हणाले, "बोला. आम्ही जवळजवळ अपलोडच करतोय."

मी सांगितलं. डार्क मॅटर धरलेलं आहे. दोन स्नॅपशॉटमधून मोजलं. सगळे कण दुप्पट. स्क्रिप्ट फक्त आजच्या विश्वाला चालते.

रेंजची एक काडी गेली. मला वाटलं फोन कट झाला.

"सर?"

"आहे," ते म्हणाले. "किती कण घेतलेत?"

"भरपूर," शुभांगी म्हणाली. "सर, मी शुभांगी. एकही अपवाद नाही."

"हं." पलीकडे इंग्रजीत काही बोलणं झालं. "इथले म्हणतायत, प्रपोजल जाऊ दे. दुर्बिणीचा वेळ मिळाला तर मिळाला. नाहीतरी निरीक्षण करूनच कळेल ना, वायू बाहेर आहे की नाही."

मी शुभांगीकडे पाहिलं. तिच्यासमोर हा एक मार्ग होता. कुणालाच कळलं नसतं, निदान वर्षभर. आणि सर ते तिला ऐकवून दाखवत होते की विचारत होते, हे मला आवाजावरून कळेना.

"सर, माझं नाव आहे त्याच्यावर," शुभांगी म्हणाली. "माझा प्लॉट काढून टाका, मग पाठवा."

"तुझा प्लॉट काढला तर त्यात राहतं काय?"

"काहीच नाही, सर."

त्यानंतर सरांनी जे विचारलं ते माझ्या अपेक्षेत नव्हतं. "स्क्रिप्टमध्ये आहे असं तुला मीच सांगितलं होतं ना?"

"हो सर."

"बरं. दुरुस्त केलेला प्लॉट घेऊन इकडे ये. मॅडम, आणाल तिला? उरलेल्यातून काही नवीन विचारता येतं का ते समोर बसून बघू. नाही आलं तर नाही."

आम्ही खाली आलो. हलगी जोरात सुरू झाली होती. तिला कुणीतरी हाताला धरून मांडवात नेलं. नारळ, शाल, फेटा. सरपंचांनी भाषण केलं. विश्वातलं फार मोठं गूढ आपल्या लेकीने सोडवलं आहे आणि लवकरच परदेशातली दुर्बीण तिच्या हुकमावर फिरणार आहे, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मी शेवटच्या ओळीत बसले होते. मोबाइलच्या घड्याळाकडे बघत होते, आणि तिच्या वडिलांकडे. ते स्टेजच्या कडेला ताठ उभे होते.

माइक शुभांगीच्या हातात आला.

"सगळ्यांना नमस्कार," ती म्हणाली. "मला फार बोलता येत नाही. तुम्ही आज एवढं केलंत. पण सरपंच जे म्हणाले तो शोध आज सकाळपर्यंत होता. आता नाहीये. माझ्या हिशोबात चूक निघाली. मी म्हणत होते की वायू दीर्घिकेतून बाहेर निघून जातो. तसं होत नाही. तो परत येतो. हे मला थोड्या वेळापूर्वीच कळलं. तुम्हाला अंधारात ठेवून ही शाल घेणं मला बरं वाटेना, म्हणून सांगितलं."

हलगीवाल्याने उगीच एक ठोका दिला आणि थांबला. मागून एक बाई दुसरीला विचारत होती, "म्हंजी नापास झाली का काय?" सरपंच उठून माइककडे आले आणि परत जाऊन बसले. शेवटी शाळेतले निवृत्त गुरुजी खुर्चीतूनच म्हणाले, "शुभांगी, शाल काढू नकोस. ती चौथीपासूनच्या अभ्यासाची आहे." दोनचार जण हसले, मग टाळ्या आल्या. पहिल्यापेक्षा कमी होत्या.

वडिलांनी टाळी वाजवली नाही. ते स्टेजवरून उतरून घराकडे गेले.

निघायला उशीर होत होता. लॅपटॉप, डिस्क घेऊन आम्ही गाडीशी आलो तर माझ्या गाडीमागे पाहुण्यांची जीप आडवी लावलेली. चावी कुणाकडे, पत्ता नाही. सगळे जेवायला बसत होते. शुभांगी पंगतीत जाऊन एकेकाला विचारत होती, आणि ज्यांना विचारत होती ते तिला जेवायचा आग्रह करत होते. मी घड्याळ बघणं सोडून दिलं होतं.

तेवढ्यात तिचे वडील आले. कुणाशी न बोलता जीपच्या बोनेटवर थाप मारून त्यांनी मांडवाकडे हाक दिली, "ए तुक्या, गाडी काड. पोरीला कामावर जायाचंय." एक जण हात न धुताच धावत आला. जीप हलली. वडील माझ्या खिडकीशी वाकले.

"मॅडम, पीयच्डी ऱ्हाईल ना तिची?"

"राहील, भाऊ. वेळ लागेल थोडा."

"लागू द्या," ते म्हणाले, आणि रस्ता मोकळा आहे का बघायला पुढे चालत गेले. तिच्याशी ते बोलले नाहीत. तिनेही हाक मारली नाही.

कामशेतपर्यंत शुभांगी मांडीवर लॅपटॉप घेऊन प्लॉट नव्याने काढत होती. फेटा मागच्या सीटवर होता. खड्डा आला की ती दोन्ही हातांनी लॅपटॉप वर उचलायची आणि मग पुन्हा टाइप करायची. बॅटरीचं लाल चिन्ह दिसायला लागलं तेव्हा तिने स्क्रीनचा उजेड कमी केला. जुन्या हायवेला लागलो तर वीकेंडचं ट्रॅफिक. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांसमोर गाड्या दोन दोन रांगांत उभ्या. मी आयुष्यात पहिल्यांदा एका पर्यटक बसवाल्याशी भांडले.

गेस्ट हाउसच्या डायनिंग हॉलमध्ये सर आणि दोघं सहकारी बसले होते. शुभांगीने चार्जर लावला आणि दुरुस्त प्लॉट समोर ठेवला. जुन्या आलेखात बाहेर जाणाऱ्या वायूची रेघ वर निघून जात होती. नव्यात ती वर चढून वाकली होती आणि खाली येत होती. परदेशी सहकाऱ्यांपैकी एक बाई होत्या, त्यांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून बराच वेळ बघितली. त्यांचं म्हणणं पडलं की अजून वेळ आहे, परतणाऱ्या वायूवर प्रपोजल नव्याने लिहू, शब्द बदलले की होईल.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नको," ते म्हणाले. "घाईत करायचा प्रकार एकदा झालाय. विथड्रॉ करू."

त्यांनी स्वतः पोर्टल उघडलं आणि अर्धवट भरलेला अर्ज रद्द करायचं बटण स्वतःच दाबलं. सहकारी बाई नाराज झाल्या. तसं त्यांनी लपवलंही नाही. मग जेवणं झाली. शुभांगीने दिवसभर काहीच खाल्लं नव्हतं म्हणून ती दोन वेळा भात घेऊन जेवली.

त्यानंतर सोपं काही झालं नाही. तिच्या थिसिसचं ते प्रकरण रद्द झालं. ती पोस्टडॉकसाठी जिथे अर्ज करणार होती त्यांना तिने मेल करून आपला निकाल मागे घेतल्याचं कळवलं, आणि तिथून पुढे काही आलं नाही. आम्ही स्क्रिप्ट दुरुस्त केली आणि ग्रुपच्या जुन्या पेपरांची एकेक करून तपासणी केली. ते सगळे आजच्या विश्वावरचे होते, म्हणून वाचले. शुभांगीने मग परत येणाऱ्या वायूवरच काम केलं. तो किती वेळाने परत येतो, येताना थंड असतो की गरम. त्यात एक छोटी पण नवी गोष्ट निघाली. त्या गोष्टीवर प्रपोजल केलं, आणि पुढच्या फेरीत मागितल्यापेक्षा कमी वेळ मिळाला. तिची पीएचडी झाली, तेव्हा वडील व्हायवाला आले होते. पहिल्या ओळीत बसले, शेवटपर्यंत ताठ.

आता आमच्याकडे कुठलाही प्लॉट बाहेर जाण्याआधी एक कण निवडतो आणि त्याचा वेग हाताने मोजतो. यात अर्धी दुपार जाते. नवीन पोरं कुरकुरतात, कॉम्प्युटर असताना हे कशाला म्हणून. मी त्यांना कुरकुरू देते आणि कण निवडायला लावते.